कोल्हापुरातून मेंदूच्या गणिताकडे: पीएचडी करू पाहणाऱ्यांसाठी

शिवाजी विद्यापीठातून फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सची एमएस्सी झालेली मुलं-मुली, केआयटीतून किंवा सांगलीच्या वालचंदमधून इंजिनिअरिंग केलेले, क्वचित सीपीआर रुग्णालयात इंटर्नशिप करणारा एखादा डॉक्टर. प्रश्न सगळ्यांचा साधारण एकच असतो. मेंदूतही रस आहे, कॉम्प्युटरही जमतो, मेंदूला बाहेरून विजेची किंवा चुंबकाची उत्तेजना देतात असं वाचलंय. त्यात पीएचडी करायची, तर आधी जायचं कुठं?

माझं उत्तर असं की पहिलं वर्षभर कुठंच जाऊ नका. या विषयाचा, म्हणजे संगणकीय मेंदूविज्ञानाचा (कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स), पाया लॅपटॉप, पदवीपर्यंतचं गणित आणि फुकट मिळणारा डेटा एवढ्यावर घरी बसून घालता येतो. बाहेर पडावं लागतंच, पण ते नंतर. पाया न घालता बाहेर पडलेल्यांची पीएचडीतली पहिली दोन वर्षं तोच घालण्यात जातात, आणि फेलोशिपचं घड्याळ तोवर चालूच असतं.

आधी विषय कशाचा ते बघा

न्यूरॉन, म्हणजे शाळेत शिकलेली चेतापेशी, कशी वागते ते समीकरणात मांडायचं आणि त्या समीकरणाकडून प्रयोगाला तपासता येईल असं भाकीत काढायचं, हे या शाखेचं मूळ काम. हॉजकिन आणि हक्सली यांनी माखलीच्या जातीतल्या स्क्विड या प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूवर प्रयोग केले आणि विद्युतस्पंद कसा तयार होतो ते १९५२ साली चार डिफरन्शियल समीकरणांत बसवलं. हक्सलींनी ती समीकरणं हातानं फिरवायच्या गणकयंत्रावर सोडवली होती. १९६३ साली दोघांना नोबेल मिळालं. आज तेच गणित तुमच्या लॅपटॉपवर सेकंदाच्या आत होतं, त्यामुळं 'माझ्याकडं साधनं नाहीत' ही सबब निदान इथं चालत नाही.

उत्तेजनेच्या तंत्रांपैकी तीन नीट ओळखीची हवीत. पहिलं टीएमएस (ट्रान्सक्रेनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन). डोक्यावर तारेची कॉइल धरायची, तिच्यातून क्षणभर काही हजार अँपिअरचा प्रवाह सोडायचा. साधारण दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात चढतं-उतरतं आणि फॅरेडेच्या नियमाप्रमाणं मेंदूत विद्युतक्षेत्र निर्माण करतं. अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी शेफिल्डमध्ये १९८५ साली हे माणसावर दाखवलं. नैराश्याच्या उपचारासाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २००८ मध्ये त्याला मान्यता दिली. दुसरं टीडीसीएस (ट्रान्सक्रेनिअल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन). मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजच्या इलेक्ट्रोडमधून १ ते २ मिलिअँपिअरचा मंद, स्थिर प्रवाह. गॉटिंगेनच्या निचे आणि पाउलुस यांच्या २००० सालच्या कामापासून याला नव्यानं जोर आला. तिसरं डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन), म्हणजे शस्त्रक्रिया करून मेंदूच्या आत खोल बसवलेला इलेक्ट्रोड. ग्रेनोब्लमध्ये बेनाबिद यांच्या गटानं १९८७ साली हातापायांच्या थरथरीसाठी सुरू केलेली ही पद्धत पुढं पार्किन्सनमध्ये रुळली. सेकंदाला १३० च्या आसपास स्पंद, प्रत्येक स्पंद मायक्रोसेकंदांत मोजायचा.

तिन्हींची यंत्रं मिळतात, उपचार होतात. पण एका माणसाला गुण येतो आणि दुसऱ्याला त्याच मात्रेनं येत नाही, असं का, याचं पूर्ण उत्तर कुणाकडं नाही. संगणकीय संशोधनाची गरज नेमकी इथं लागते.

तुमच्यात काय कमी आहे ते प्रामाणिकपणे ठरवा

फिजिक्स किंवा इंजिनिअरिंगवाल्यांना गणित येतं, पण मेंदूचा नकाशा येत नाही. मोटर कॉर्टेक्स कुठं, बेसल गँग्लिया म्हणजे काय, पिरॅमिडल पेशी कशी दिसते, उत्तेजक आणि दाबणारे न्यूरॉन यांत फरक काय, एवढं तरी तोंडपाठ हवं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या फिजिऑलॉजीतला मज्जासंस्थेचा भाग निवांत वाचला तरी बरंच काम होतं. मेडिकलला असलेला एखादा मित्र गाठा आणि त्याच्या जुन्या वह्या मागून घ्या.

बायोलॉजी किंवा मेडिकलवाल्यांचं काम जास्त आहे, हे आधीच सांगतो. लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल समीकरणं, प्रोबॅबिलिटी आणि पायथन. या चारांना शॉर्टकट नाही. आयआयटींच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या एनपीटीईएलवर चारही मिळतात. रोज दीड तास बसलात तर सहा-आठ महिन्यांत हाताला वळण लागतं. नुसते व्हिडिओ बघून मात्र काहीच लागत नाही, उदाहरणं वहीत सोडवावी लागतात.

कॉम्प्युटर सायन्सवाल्यांची अडचण वेगळीच. त्यांना डीप लर्निंग येतं म्हणून मेंदूही कळला असं वाटतं. त्यांनी पुढची पायरी वगळू नये.

शोधनिबंध वाचायला पैसे लागतात अशी एक समजूत आहे. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना चालू आहे. सरकारी विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना तिच्यातून सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली आहेत. विद्यापीठात असाल तर खर्डेकर ग्रंथालयात जाऊन लॉगिनचं विचारा. नसाल तर पबमेड सेंट्रल आणि बायोआर्काइव्ह या निबंधांच्या संकेतस्थळांवर जे फुकट आहे तेच वर्षभर पुरून उरेल.

पहिला न्यूरॉन स्वतः लिहा

या लेखातली एकच पायरी करायची असेल, तर ही करा.

न्यूरॉनच्या पडद्याला एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टन्स समांतर जोडलेत असं समजा. बारावीचं आरसी सर्किट. ही कल्पना १९०७ सालच्या लुई लापिक यांच्या कामापर्यंत मागं जाते. आकडे असे घ्या: विश्रांतीचं व्होल्टेज उणे ७० मिलिव्होल्ट, थ्रेशोल्ड, म्हणजे न्यूरॉन पेटायची पातळी, उणे ५०, रेझिस्टन्स १० मेगाओहम, टाइम कॉन्स्टंट २० मिलिसेकंद. व्होल्टेजनं थ्रेशोल्ड गाठला की एक स्पाइक, म्हणजे विद्युतस्पंद, मोजायचा आणि व्होल्टेज परत उणे ७० वर आणायचं. पायथनमध्ये ०.१ मिलिसेकंदाच्या पावलानं, ऑयलरच्या पद्धतीनं चालवा. वीस-पंचवीस ओळींत भागतं. तयार पॅकेज आत्ता वापरू नका.

कोड चालवण्याआधी कागद घ्या. २ नॅनोअँपिअर प्रवाह दिला तर व्होल्टेज २० मिलिव्होल्टनं चढेल आणि बरोबर उणे ५० च्या दिशेनं जात राहील, पण तिथं पोचणार नाही. म्हणजे स्पाइक शून्य. २.५ नॅनोअँपिअर दिला तर व्होल्टेज उणे ४५ कडं निघेल, वाटेत थ्रेशोल्ड लागेल. दोन स्पाइकमधलं अंतर २० गुणिले ५ चा नॅचरल लॉग, म्हणजे ३२.२ मिलिसेकंद. सेकंदाला साधारण ३१ स्पाइक. ३ नॅनोअँपिअरला २० गुणिले ३ चा लॉग, २२ मिलिसेकंद, सेकंदाला ४५ च्या वर. कोडमधून हेच आकडे आले पाहिजेत. आले नाहीत तर पुढं जायचं नाही. पाऊल लहान करून बघा, रिसेटची ओळ तपासा.

आता याच मॉडेलवर टीडीसीएस लावू. २ मिलिअँपिअरचा प्रवाह डोक्यावर दिला तरी मेंदूत पोचणारं विद्युतक्षेत्र १ व्होल्ट प्रति मीटरच्या आतच राहतं. प्राण्यांच्या मेंदूच्या कापांवर केलेल्या प्रयोगांत १ व्होल्ट प्रति मीटरला पेशीचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.३ मिलिव्होल्टनं सरकतं. आपण ०.२ धरू. थ्रेशोल्ड २० मिलिव्होल्ट लांब आणि धक्का ०.२ चा! यानं काय होणार, असं कुणालाही वाटेल.

मॉडेलमध्ये ०.२ मिलिव्होल्ट म्हणजे ०.०२ नॅनोअँपिअर जादा प्रवाह. २.५ च्या जागी २.५२ द्या. स्पाइक ३१.१ वरून ३१.७ वर जातात, म्हणजे दोन टक्क्यांचा फरक. प्रयोगात तो दिसणंही मुश्कील. आता २ च्या जागी २.०२ द्या. जो न्यूरॉन पूर्ण गप्प होता तो सेकंदाला जवळपास ११ स्पाइक मारायला लागतो. धक्का तोच, पण कडेला उभ्या असलेल्या न्यूरॉनवर त्याचा परिणाम वेगळा झाला. टीडीसीएस झोपलेल्या न्यूरॉनला उठवत नाही, आधीच जो चालू आहे किंवा चालू व्हायच्या बेतात आहे त्याच्यावर काम करतो. म्हणूनच ते देताना माणूस काय करत होता, नुसता बसला होता की बोटं हलवत होता, याला महत्त्व आहे. हे निबंधात वाचून पटतं. पण स्वतःच्या ग्राफवर दिसलं की पुढचे शेकडो निबंध वेगळ्या नजरेनं वाचले जातात.

पुढची पायरी म्हणून प्रवाहात थोडा नॉइज मिसळा. खरा मेंदू गोंगाटात असतो. शून्यावरून अकरावर जाणारी ती कड आता पसरट होईल, आणि एकदा चालवून आलेला आकडा दुसऱ्यांदा येणार नाही. बऱ्याच वेळा चालवून सरासरी आणि विखुरलेपण दोन्ही मांडा. मग रँडम सीड (तोच नॉइज पुन्हा मिळवून देणारा आकडा) लिहून ठेवायची सवय आपोआप लागते.

टीएमएसचं प्रकरण निराळं. तिथं क्षेत्र १०० व्होल्ट प्रति मीटरच्या घरात असतं आणि ते चेतातंतूच्या वळणांवर आणि टोकांवर थेट स्पाइक उठवतं. त्यासाठी एका बिंदूचा न्यूरॉन पुरत नाही, तंतूचा आकार लागतो. इथून पुढं तयार साधनं घ्या: आकारासह न्यूरॉन बनवायला येलमध्ये वाढलेलं 'न्यूरॉन' हेच नाव असलेलं सॉफ्टवेअर, न्यूरॉनच्या जाळ्यांसाठी 'ब्रायन २', फार मोठ्या जाळ्यांसाठी 'नेस्ट'. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत तयार झालेलं 'मूस' आपल्या देशातलं. सगळी फुकट आहेत. एकच निवडा आणि त्याच्याबरोबर राहा.

डोक्यातून प्रवाह कुठं जातो

उत्तेजनेवर काम करायचं तर 'सिमनिब्स' हे सॉफ्टवेअर शिकणं भाग आहे. एमआरआयवरून डोक्याचं त्रिमितीय मॉडेल बनवून, फायनाइट एलिमेंट पद्धतीनं, कुठल्या इलेक्ट्रोडनं कुठं किती क्षेत्र पडतं ते हे सांगतं. सोबत एक नमुन्याचं तयार डोकं मिळतं, त्याच्यावरच शिका. स्वतःच्या एमआरआयपासून सुरुवात करायला गेलात तर साध्या लॅपटॉपला तासन् तास लागतील आणि उत्साह तिथंच आटेल. मेकॅनिकलवाल्यांनी अ‍ॅन्सिस हे इंजिनिअरिंगचं सॉफ्टवेअर चालवलेलं असतं, त्यांना मेश (आकार बारीक तुकड्यांत पाडून केलेली जाळी) वगैरे परके वाटत नाहीत. या एका ठिकाणी ते पुढं असतात.

आत कुठले आकडे आहेत ते उघडून बघा. कवटीची वाहकता मीटरला ०.०१ सीमेन्स, मेंदूच्या करड्या भागाची ०.२७५, कवटी आणि मेंदूमधल्या द्रवाची १.६५४. म्हणजे द्रव कवटीपेक्षा दीडशे पटींहून जास्त वाहक. प्रवाहाचा मोठा वाटा कातड्यावरूनच निघून जातो, आणि आत शिरलेला द्रवाच्या वाटेनं पसरतो. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू आक्रसलेला असतो, द्रव जास्त, त्यामुळं त्याच २ मिलिअँपिअरचं क्षेत्र वेगळं पडतं. कवटीचा आकडा ०.०१ वरून ०.००५ करा, काय बदलतं ते टिपा. या आकड्यांवर जाणकारांतही एकमत नाही. एका आकड्यावर निष्कर्ष किती हलतो हे बघणं हाच चांगल्या थिसिसमधला एक धडा होऊ शकतो.

खऱ्या डेटात हात घाला

ईईजीचा, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून नोंदवलेल्या मेंदूच्या विद्युतलहरींचा, डेटा फिजिओनेट या संकेतस्थळावर मोफत आहे. सुरुवातीला मोटर इमेजरीचा (हालचालीची मनात कल्पना करण्याचा) संच घ्या: १०९ स्वयंसेवक, ६४ इलेक्ट्रोड, सेकंदाला १६० नमुने. पायथनमधलं 'एमएनई' तो स्वतःच उतरवून घेतं. पहिल्या दोन नोंदी डोळे उघडे आणि डोळे मिटलेले अशा एकेक मिनिटाच्या आहेत. डोक्याच्या मागच्या इलेक्ट्रोडवर ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लहर डोळे मिटल्यावर वाढते का ते बघा. बहुतेकांत वाढेल, काहींत फारशी दिसणार नाही. न दिसणाऱ्यांना यादीतून काढू नका.

एक खाच इथं हमखास असते. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणून सवयीनं ५० वर नॉच फिल्टर (तेवढीच फ्रिक्वेन्सी गाळणारा) लावला जातो. हा डेटा अमेरिकेत नोंदवलेला आहे, तिथं वीज ६० हर्ट्झची. स्पेक्ट्रम आधी डोळ्यानं बघा, मग फिल्टर लावा. दुसरी खाच मशीन लर्निंगवाल्यांसाठी: एकाच माणसाचे तुकडे ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टिंगमध्येही गेले तर अचूकता फुगून दिसते. विभागणी माणसांप्रमाणं करा. अशा फुगलेल्या आकड्यांचे निबंध भरपूर छापलेले आहेत, आणि त्यांच्याकडं बोट दाखवणारा उमेदवार मुलाखतीत लक्षात राहतो.

हे सगळं रांगेनं आणि सोबतीनं करायचं असेल तर 'न्यूरोमॅच अकॅडमी'चा अभ्यासक्रम बघा. २०२० मध्ये ऑनलाइन सुरू झालेल्या या उन्हाळी शाळेचं सगळं साहित्य इंटरनेटवर खुलं आहे. जरा पुढच्या तयारीनंतर एनसीबीएसमध्ये भरणाऱ्या 'कॅम्प' या शाळेला अर्ज करा. तिथं शिक्षणाइतकंच महत्त्वाचं म्हणजे देशभरातली या विषयातली पोरं एका खोलीत भेटतात.

घरात यंत्र बनवू नका

कोल्हापूरच्या पोराला हे वेगळं सांगावं लागतं. उद्यमनगरात कॉइल वाइंडिंगही होतं, कपॅसिटरही मिळतात, आणि 'करूया की, त्यात काय' हा आपला स्वभाव. टीएमएसच्या यंत्रात कपॅसिटर हजार व्होल्टच्या वर चार्ज होतो, तो जीव घेऊ शकतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर घरगुती टीडीसीएस बनवायचे व्हिडिओ भरपूर आहेत. प्रवाहावर नियंत्रण नसलं किंवा स्पंज वाळला तर कातडी भाजते. स्वतःवर नको, भावावर नको, हॉस्टेलच्या रूममेटवर तर नकोच.

माणसांवरचा कुठलाही प्रयोग संस्थेच्या एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय होत नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं डाउनलोड करून एकदा शेवटपर्यंत वाचा. उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी लागते. डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट किंवा अंगात पेसमेकर असलेल्यांना आणि फिट्सचा इतिहास असलेल्यांना टीएमएससाठी का गाळतात, हे पाठ असायला हवं. आणि शॅम, म्हणजे खोटी उत्तेजना, ही या क्षेत्रातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. टीएमएसचा टकटक आवाज येतो, कातडीवर टोचतं. खरी कुठली आणि खोटी कुठली हे माणूस ओळखतो, आणि मग गुण यंत्रानं आला की विश्वासानं, ते सांगता येत नाही.

प्रश्न लहान करा

'मेंदूला उत्तेजना देऊन नैराश्य बरं करणं' हा पीएचडीचा प्रश्न नव्हे, ती एका अख्ख्या पिढीची कामगिरी आहे. 'एकच टीडीसीएस मात्रा तरुण आणि साठीपुढच्या डोक्यांत किती वेगळं क्षेत्र पाडते, आणि कवटीच्या वाहकतेची अनिश्चितता हा फरक गिळून टाकते का', हा प्रश्न चालेल. पार्किन्सनच्या रुग्णांत मेंदूच्या खोल भागात १३ ते ३० हर्ट्झची बीटा लहर बळावलेली असते. ती मोजून गरजेपुरतीच उत्तेजना देणारं डीबीएस आता वापरात यायला लागलंय. 'बीटा मोजायला आणि निर्णय घ्यायला लागणारा उशीर किती वाढला तर असं नियंत्रण बिघडतं', हाही प्रश्न चालेल, आणि कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्याला तो अंगचाच वाटेल.

कसोटी सोपी आहे. उत्तर 'नाही' आलं तरी छापता येईल का? येत असेल तर प्रश्न धरा.

गाइड आधी, संस्था नंतर

पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरला खेटून जातो, आणि या विषयात त्याची दोन्ही टोकं कामाची आहेत. पुण्याला आयसर. बेंगळुरूला आयआयएससीचं सेंटर फॉर न्यूरोसायन्स, एनसीबीएस आणि निम्हान्स. निम्हान्समध्ये रुग्णांवर उत्तेजनेचं काम प्रत्यक्ष चालतं. मुंबईत आयआयटीचा बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंग विभाग, शिवाय टीआयएफआर. लांबची तयारी असेल तर आयआयटी मद्रास, गांधीनगर आणि कानपूर, हैदराबादची ट्रिपलआयटी, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र.

पण नावावर जाऊ नका. ज्या गाइडचे गेल्या तीन वर्षांतले निबंध वाचून तुम्हाला प्रश्न पडतात, तो तुमचा गाइड. पत्र लिहाल तेव्हा दहा-बारा ओळी पुरेत: मी कोण, तुमच्या अमुक निबंधातली अमुक आकृती मी स्वतःच्या कोडनं पुन्हा काढून बघितली, इथं जुळली, इथं जुळली नाही, कोडची लिंक ही. 'आदरणीय सर, मला आपल्या थोर मार्गदर्शनाखाली' या थाटाची पत्रं त्यांना रोज येतात. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको.

होकाराच्या जवळ आलात की त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोला. मेलवर कुणी खरं लिहीत नाही. गाइड आठवड्यातून कितीदा भेटतात, आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, ते आता कुठं आहेत, रुग्णांचा डेटा खरंच हातात येतो की हॉस्पिटलच्या कराराची वाट बघत वर्ष जातं, हे विचारा. शेवटचा प्रश्न या विषयात सगळ्यात महागात पडणारा आहे.

परीक्षा आणि पैसा

गेट फेब्रुवारीत असते. २०२० पासून तिच्यात बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते. टीआयएफआर आणि एनसीबीएस यांच्या प्रवेशाची वाट वेगळी, ती त्यांच्या संकेतस्थळावर बघावी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणं चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पार केली असेल तर एमएस्सीशिवायही पीएचडीला अर्ज करता येतो. नियमात किमान तीन वर्षं आणि कमाल सहा लिहिली आहेत. घरी सांगताना पाच सांगा.

जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं एसआरएफचे (सीनिअर रिसर्च फेलोशिप) ४२,०००, वर घरभाडं. राज्याच्या सारथी, बार्टी आणि महाज्योती या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत. पात्रतेत बसत असाल तर जाहिरातीवर डोळा ठेवा. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे, तिथं जाऊन समक्ष विचारलेलं बरं. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास ही कागदपत्रं आताच काढून ठेवा. मुदतीच्या आठवड्यात सेतू केंद्रातली रांग बघवत नाही.

परदेशाचं थोडक्यात. जर्मनीत या विषयाचं 'बर्नस्टाइन नेटवर्क' आहे, तिथं पीएचडी ही बहुतेक वेळा पगाराची नोकरी असते आणि मास्टर्स लागतं. युरोपच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये जागा निघतात. अट अशी की त्या देशात मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. आपल्यासाठी ती अट फायद्याचीच. अमेरिकेत पदवीनंतर थेट जाता येतं, पण पाच-सहा वर्षं धरून चाला. कर्ज काढून पीएचडीला जाऊ नका. जिथं फी माफ होत नाही आणि स्टायपेंड मिळत नाही, ती जागा तुमची नव्हे.

काहींना घरच्या अडचणीमुळं कोल्हापूर सोडता येत नाही. शिवाजी विद्यापीठात फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्समधून सिग्नल प्रोसेसिंगच्या अंगानं हा विषय घेता येतो. मात्र मेंदूची बाजू सांभाळणारा बाहेरचा को-गाइड पहिल्या दिवसापासून कागदावर हवा, आणि काम खुल्या डेटावरचं किंवा शुद्ध मॉडेलिंगचं ठेवावं. यंत्र विकत घेऊन इथंच रुग्णांवर प्रयोग करू, हा बेत एकट्या विद्यार्थ्यानं आखू नये. परवानगी, न्यूरॉलॉजिस्टचा वेळ आणि निधी या तिन्हींसाठी थांबण्यात उमेद जाते.

मुलाखतीला जाताना

फळ्यावर हमखास दोनपैकी एक गोष्ट काढायला सांगतात: आरसी सर्किटचं समीकरण नाहीतर विद्युतस्पंदाचा आलेख. दोन्ही न बघता आले पाहिजेत, अक्षांवरच्या एककांसकट. 'मिलिसेकंद की सेकंद' इथं अडखळलेला उमेदवार पुढं सावरत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये. फळ्यावर गणित बरोबर येत असेल तर वाक्य मोडकं असलं तरी समोरचे थांबून ऐकतात. माहीत नसेल तिथं 'माहीत नाही, पण असं काढून बघेन' म्हणा आणि लगेच काढायला लागा.

लॅपटॉपवर तुमचा न्यूरॉन, सिमनिब्सचं एक चित्र आणि ईईजीचा एक स्पेक्ट्रम तयार ठेवा, इंटरनेटशिवाय उघडेल असा. छापील प्रतीही घ्या. सकाळी दहाची मुलाखत असेल तर आदल्या रात्रीच्या गाडीवर भरवसा न ठेवता एक दिवस आधी पोचा, आणि दुपारी त्या लॅबच्या कँटीनमध्ये जाऊन बसा. विद्यार्थी तिथंच भेटतात, आणि फोनवर न सांगितलेलं चहावर सांगतात.